सिस्टरांची ऐकायची वेळ

"पंखा बंद करा की जरा."

सिस्टर कुणाच्याही घरात आल्या की त्यांचं पहिलं वाक्य हे. सलाम नंतर, खुर्ची नंतर, पाण्याचा तांब्या नंतर, आधी पंखा. एप्रिल महिन्यात पंखा बंद करा म्हणणारी बाई घरात आली की घरच्यांची तोंडं कशी होतात, ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. पंखा थांबला की त्या टीव्हीकडे बघायच्या. टीव्ही थांबला की स्वयंपाकघरातल्या मिक्सरकडे त्यांचा कान जायचा. सगळं बंद होईपर्यंत बाई उंबऱ्याच्या आत, पदर नीट करत, तशाच उभ्या. मग खुर्चीत टेकायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता बोल, काय झालंय?"

घामाने भिजलेला माणूस काय बोलणार? पण बोलायचा. हेच नवल होतं.

मी आमच्या मंडळीचा सेक्रेटरी. मंडळी म्हणजे आमचं चर्च. आम्ही ख्रिस्ती माणसं इमारतीला देऊळ म्हणतो आणि आतल्या माणसांना मंडळी. पोटापाण्याला माझी साऊंड सर्व्हिस आहे. लग्न असो, निवडणूक असो, फुटबॉलची मॅच असो नाहीतर गणपतीची मिरवणूक, कोल्हापुरात जिथे म्हणून चार माणसं जमतात तिथे माझे स्पीकर आधी पोचलेले असतात. त्यामुळे सिस्टर आणि मी म्हणजे विळ्या-भोपळ्याची जोडी. रस्त्यात भेटल्या की लांबूनच म्हणायच्या, "काय सेक्रेटरी, आज कुणाचे कान फोडून आलास?" मी म्हणायचो, "सिस्टर, लोक पैसे देऊन फोडून घेतात, मी काय करू?"

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव 'सिस्टर'च राहिलं. नोकरीची बहुतेक वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. पंख्याचं मूळ तिथलं. पोटावर कर्ण्यासारखी छोटी नळी ठेवून, तिला कान लावून बाळाचा ठोका ऐकायचा, अशी त्या काळातली पद्धत. आणि वॉर्डात तर ही गर्दी! सासू, आई, नणंद, तिघी तीन दिशांनी बोलणार. डोक्यावर घरघरणारा पंखा. तेव्हा सिस्टर आधी माणसं गप्प करायच्या, मग पंखा, आणि मग वाकून कान लावायच्या. "ठोका असतोच रे," त्या मला सांगायच्या. "आपलाच गोंगाट जास्त असतो. घाबरायचं न्हाय, कान काढायचा न्हाय."

तीच रीत त्यांनी पुढे देवाला लावली.

रोज दिवेलागणीला त्या कसबा बावड्याच्या रस्त्याकडेच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरापुढे, व्हरांड्यात, खुर्ची टाकून बसायच्या. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि मग काही बोलायचं नाही. मागणं नाही, गाणं नाही. नुसतं ऐकायचं. "आमची मंडळी देवाला बोलू कुठं देती?" असं त्यांचं म्हणणं. "हे दे, ते दे, ह्याला बरं कर, त्याला नोकरी लाव, आमेन. आणि निघाले की चपला शोधायला!"

तुम्हाला वाटेल, मोठी शांत बाई असणार. मलाही तसंच वाटलं होतं. एकदा त्यांनी मला बोलावलं, "ये, तुला शिकवतो ऐकायला." (आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात, त्यात काही विशेष नाही.) मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. डोळे मिटले. मिटल्याबरोबर मला माझा एक ॲम्प्लिफायर आठवला, जो जयसिंगपूरच्या लग्नातून परत आला नव्हता. मग डास. मग पोटातली गुरगुर. मग सायलेन्सरची पुंगळी काढलेली एक मोटरसायकल अशी गेली की छातीत धस्स झालं. मी एक डोळा उघडून सिस्टरांकडे बघितलं. काय बघतो, तर बाईंचा उजवा पाय शिवणयंत्रावर असावा तसा हलतोय. कपाळाला आठ्या. मध्येच उठल्या, आत जाऊन गॅस बंद आहे ना बघून आल्या, बसल्या. पुन्हा उठल्या, फाटकाची कडी लावली, बसल्या. स्वतःवरच चिडून "च्!" केलं. माझ्यापेक्षा जास्त चुळबुळ त्यांची चाललेली.

"सिस्टर, ह्याला ऐकणं म्हणायचं?"

"मग? तुला काय वाटलं, मी पुतळा हाय? गप तर भिंत पण बसती. आधी बाहेरचं ऐकून घ्यायचं. मग आतलं आपलं सुरू होतं, ते लई वेळ चालतं. ते दमलं की मग त्याचं."

"मग येतं का ऐकू?"

"न्हाय."

"कधीच?"

त्या जरा विचारात पडल्या. "एकदा आल्यागत वाटलं. आत जाऊन बघितलं, तर फ्रिज होता."

आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. पण मला त्या दिवसापासून बाईंबद्दल एक वेगळीच माया वाटायला लागली. ज्याला शांती मिळालेली असते तो बसतोच हो निवांत. हिला मिळत नव्हती, तरी ही रोज बसत होती. मीही मग अधूनमधून जायला लागलो. खरं सांगायचं तर ऐकायला नव्हे. त्यांची वेळ संपली की मी बोलायचो आणि त्या ऐकायच्या, त्यासाठी. घरी माझी बायको म्हणते, तुमचं बोलणं म्हणजे बिनबटणाचा रेडिओ. सिस्टरांनी मात्र मला कधी मध्ये तोडलं नाही.

ह्याच सिस्टरांनी एकदा कमिटीपुढे मागणी केली की रविवारच्या उपासनेत पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, वाजवायचं नाही. आमच्या मंडळीत तेव्हा तरुण पोरांनी नवा ड्रमसेट आणला होता. दोन्ही बाजूंना स्पीकर होते (माझेच). आमचे पाळक, म्हणजे पाद्री, माणूस सोन्यासारखे, पण माईक हातात आला की त्यांना वाटतं, देव गगनबावड्याच्या पलीकडे राहतो आणि तिथवर आवाज गेला पाहिजे. तरी त्यांनी मोठ्या मनाने हो म्हटलं. निवेदन करायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं.

त्या रविवारी मी माईकवर गेलो आणि गंभीर आवाजात म्हणालो, "आता आपण सर्वजण पाच मिनिटं शांतता पाळू या."

झालं! सगळी मंडळी उभी राहिली. हात पुढे बांधून, माना खाली घालून. आपल्याकडे शांतता पाळायची म्हणजे दुसरं काय असतं? कुणीतरी गेलेलं असतं. पहिल्या मिनिटात मागून कुजबूज आली, "कोण गेलं?" दुसऱ्या मिनिटात उत्तर आलं. आमच्यातले एक वडीलधारे हर्नियाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, आदल्या दिवशी घरी सोडले होते. त्यांचं नाव आपोआप पुढे आलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. त्या हुंदक्याला दुसरी साथ मिळाली. एकाने खिशात हात घालून, मान खालीच ठेवून, मोबाईलवर बातमी पाठवून दिली. सिस्टर पहिल्या बाकावर एकट्याच बसलेल्या, डोळे मिटून, आणि मागे हा सगळा शोक.

उपासना सुटल्यावर निम्मी मंडळी त्या वडीलधाऱ्यांच्या घरी. दार त्यांनीच उघडलं. हातात अर्ध्या कटवड्याची बशी. एवढी माणसं बघून बिचारे गहिवरले. "माझ्या ऑपरेशनला असं कुणी आलं न्हवतं," म्हणाले. खरं कारण त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. सगळ्यांनी चहा घेतला, त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि परतले.

पुढच्या कमिटीत पाच मिनिटांचा विषय निघाला नाही. मी सिस्टरांना म्हणालो, "वाईट वाटलं का?" त्या म्हणाल्या, "वाईट कसलं? त्या म्हाताऱ्याला बघायला माणसं गेली की न्हाय? मग?" पण पाय हलत होता.

आता त्यांच्या मुलीचं सांगायला हवं. एकुलती एक, ठाण्याला मोठ्या कंपनीत. लग्न झालेलं, मूलबाळ नाही. सिस्टरांचे यजमान शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून मुलीचा एकच धोशा, आई, तू इकडे ये. सिस्टर काही हलत नव्हत्या. यजमानांची माती इथली, मंडळी इथली, व्हरांडा इथला. एका दिवाळीच्या सुमाराला त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या, डावं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर आलं. मुलगी धावत आली. नवरा बरोबर नव्हता. "त्याला सुट्टी नाही," म्हणाली. पोरगी फार वाळलेली दिसली मला, पण शहरातल्या नोकरदार पोरी अशाच असतात म्हणून मी सोडून दिलं. जाताना ती आईला म्हणाली, "नाताळ इथे कर. मग मी गाडी घेऊन येते. आता ऐकणार नाही मी."

तिथून सगळ्या मंडळीला एक कामच मिळालं. जो येईल तो सिस्टरांना सल्ला देऊन जाई. पाळक म्हणाले, जा. म्हातारपणी लेकीचं घर म्हणजे देवाची सोय. शेजारच्या काकू म्हणाल्या, जाऊ नका. फ्लॅटमध्ये माणूस कोंडतंय. ड्रम वाजवणारी पोरं म्हणाली, आम्ही डबा आणून देतो. मी तर रोजच म्हणायचो, जाऊ नका. माझ्या बोलण्यात माझा स्वार्थ होता आणि मी तो लपवला नाही. "तुम्ही गेलात तर मी बोलू कुणाशी?" असं मी सरळ विचारलं होतं.

सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर. "मला अजून सांगितलं न्हाय."

कुणी सांगायचं, हे विचारायची गरज नव्हती. त्या दिवेलागणीला बसून ह्या एकाच गोष्टीला कान लावत होत्या. जाऊ का राहू? प्लास्टरचा हात मांडीवर, पाय हलतोय, तोंड कडू झाल्यासारखं. ऊस तोडणीचा हंगाम सुरू झालेला. बावड्याच्या रस्त्याने कारखान्याकडे ट्रॅक्टरची रांग, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी. एक गाणं लांब जाईपर्यंत दुसरं आलंच. बाई दात आवळून बसायच्या. नाताळ जवळ येत चालला तशी त्यांची झोप गेली, जेवण गेलं. एकदा माझ्यावर उगीचच खेकसल्या, "तुम्ही सगळे मिळून इतकं बोलताय की त्यानं सांगितलं असंल तरी मला कळलं न्हाय!" मी प्रथमच त्यांना घाबरलेलं बघितलं. जायची भीती होती आणि राहायचीही होती. त्याहून मोठी भीती म्हणजे, विचारलेलं असताना पलीकडून कुणीच बोलत नाही ही.

त्यांची वेळ आणि मुलीच्या फोनची वेळ नेमकी एकच. मुलगी ऑफिसातून घरी पोचली की फोन करायची. हात मोडल्यापासून सिस्टर फोन स्टुलावर ठेवून स्पीकर चालू करायच्या, त्यामुळे ते बोलणं मला पाठ झालं होतं.

"पोचलीस न्हवं?"

"हो आई, पोचले. हात कसा आहे?"

"हाय तसाच. बरं, ठेव. माझी वेळ झाली."

"बरं, ठेवते."

एवढंच. मला त्यात काही खटकत नव्हतं. तुम्हालाही खटकलं नसतं.

नाताळला थोडे दिवस राहिले असताना असाच फोन आला. पोचलीस न्हवं, पोचले, हात कसा, हाय तसाच. "बरं, ठेव. माझी वेळ झाली," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक उघडलं. पलीकडून "ठेवते" आलं नाही.

आम्ही थांबलो. काहीच नाही.

"कट झालाय," मी म्हणालो आणि फोन बंद करायला हात पुढे केला.

सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "न्हाय. हाय ती."

"सिस्टर, रेंज गेली असंल."

"हाय ती म्हणतो न्हवं!" त्या खुर्चीतून पुढे सरकल्या. स्टुलावर वाकल्या. आणि त्याच क्षणाला कोपऱ्यावरून ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या ऊस आणि वर अख्खी मिरवणूक वाजेल एवढा आवाज. सिस्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं मला सांगता येणार नाही, पण मी अनवाणीच फाटकाबाहेर पळालो आणि दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरपुढे उभा राहिलो.

"पावणं! गाणं बंद करा की दोन मिनटं!"

त्याने करकचून ब्रेक मारला. "का? कोण गेलं काय?"

"गेलं न्हाय कोण! लेकीचा फोन आलाय! ऐकू येईना झालंय!"

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने काय विचार केला देव जाणे, गाणं बंद केलं. वर इंजिनही बंद केलं. मागे गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू झाले. तसा तो गडी खाली उतरला आणि मागच्यांवर ओरडला, "ए, गप बसा की! फोन चाललाय आत!" आयुष्यभर लोकांच्या कानाशी स्पीकर लावलेला मी, त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी आवाज बंद करायला सांगितला होता. आणि त्या अनोळखी माणसाने तो केला, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मी परत आलो तेव्हा सिस्टर स्टुलावर अशा वाकल्या होत्या की कान जवळजवळ फोनला टेकला होता. रस्ता गप्प. फोनमधून बारीक आवाज येत होता.

"...घरी नाहीये मी, आई. खाली पार्किंगमध्ये आहे. गाडीत. रोज इथूनच करते फोन."

"हं."

"वर जावंसंच वाटत नाही. वर कोणी नाही. तो मे महिन्यापासून नाही इथे. वेगळा राहतो. मी सांगितलं नाही तुला."

"हं."

"ये ये म्हणते ना मी तुला, ते तुझ्या हातासाठी नाही म्हणत. लोकांना तसं सांगते. तुला सांभाळायला नको आहे मला. मला..." ती थांबली. बराच वेळ थांबली. सिस्टर हलल्या नाहीत. रडू नको म्हणाल्या नाहीत, आता काय करायचं म्हणाल्या नाहीत. मी मध्ये तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी रोज ठरवते, आज सांगायचं," मुलगी म्हणाली. "आणि तू म्हणतेस, ठेव, माझी वेळ झाली."

सिस्टरांचा पाय थांबला होता. मला ते तेव्हा दिसलं.

"बोल," त्या म्हणाल्या. "मी कुठं जात न्हाय. बोल तू."

मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. ट्रॅक्टरवाल्याने हाताने विचारलं, झालं का? मी हातानेच सांगितलं, जावा आता, नाक्यावर गेल्यावर लावा. तो इंजिन चालू करून गेला, आणि बिचाऱ्याने गाणं खरोखर नाक्यापर्यंत लावलं नाही.

बऱ्याच वेळाने मी आत गेलो तर फोन संपला होता. पुस्तक खाली पडलेलं. सिस्टर प्लास्टरच्या हाताकडे बघत बसलेल्या.

"सेक्रेटरी, मी इतके दिवस कुणाचं ऐकत होतो रे?"

मी पुस्तक उचलून स्टुलावर ठेवलं. उत्तर सुचलं असतं तर मी ते दिल्याशिवाय राहिलो नसतो, हे आता तुम्हीही ओळखलं असेल.

नाताळ झाला आणि त्या गेल्या. निरोपाच्या सभेत पाळकांनी लांबलचक प्रार्थना केली आणि शेवटी प्रेमाने विचारलं, "सिस्टर, मग प्रभूनं शेवटी सांगितलं म्हणायचं!" त्यांना साक्ष हवी होती, आमच्यात अशा वेळी माणसाने उठून साक्ष द्यायची असते, देवाने मला असं असं दाखवलं म्हणून. सिस्टर उठल्या. म्हणाल्या, "त्यानं सांगितलं का न्हाय मला ठाऊक न्हाय. लेक सांगत होती, ती मी रोज तोडत होतो. एवढीच साक्ष." आणि खाली बसल्या. कुणी आमेन म्हणालं नाही. पाळकांनीही, स्वभावाविरुद्ध, पुढे काही जोडलं नाही. मला वाटलं, त्यांच्या शब्दांत समाधान असेल. नव्हतं. त्या स्वतःवर रागावलेल्या होत्या, आणि तो राग त्यांनी बरोबर नेला.

मला त्यांचं जाणं फार लागलं. कोल्हापूर ओसाड झालं असं म्हणणार नाही, ह्या गावाला ओसाड व्हायला वेळच नसतो. पण दिवेलागणीला मला काय करावं कळेनासं झालं. दुकानात बसलो तर उठावंसं वाटे, घरी गेलो तर परत दुकानात जावंसं वाटे.

पुढे ठाण्याला एका लग्नाला गेलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. कितव्या तरी मजल्यावरचं घर. खाली हमरस्ता, त्यावर पुलाचं काम चाललेलं. दगड फोडायचं यंत्र, हॉर्न, लिफ्टच्या दाराची घंटी. खिडक्या सताड उघड्या, डोक्यावर पंखा गरगरतोय. मी म्हणालो, "सिस्टर, इथे कसं हो तुमचं ऐकणं?" त्या कानामागे हात धरून म्हणाल्या, "काय?" कमी ऐकू यायला लागलं होतं. मी ओरडून पुन्हा विचारलं. त्या हसल्या आणि मटकीचं ताट पुढ्यात ओढलं. तेवढ्यात मुलगी ऑफिसातून आली. पर्स खांद्यावरच, चपला पायातच, आणि सुरू झाली: साहेब काय म्हणाला, ती काय म्हणाली, वकिलाचा फोन कसा आलाच नाही. सिस्टर मोड आलेली मटकी निवडत तिच्या तोंडाकडे बघत होत्या. निम्मं तरी त्यांना ऐकू येत होतं की नाही, शंका आहे. मी कोल्हापूरच्या बातम्यांचं एक अख्खं पोतं घेऊन गेलो होतो. ते न सोडताच परत आलो.

त्यानंतर वर्षभरही त्या राहिल्या नाहीत. झोपेतच गेल्या. त्यांना यजमानांशेजारी आणून ठेवलं. मुलीने सगळं नीट केलं, कुठे अडखळली नाही, आणि चौथ्या दिवशी परत गेली. तिच्या गाडीमागे मी हात हलवत उभा होतो आणि माझ्या मनात एकच विचार होता, ही आता कुणाकडे जाणार?

परवा मी एका मांडवात होतो. मिरवणुकीचं सामान भरायचं चाललेलं, माझी माणसं एकमेकांवर ओरडत होती, कुणीतरी माईक तपासत हॅलो हॅलो करत होतं. खिशातला फोन थरथरला. नाव बघितलं. मी मांडवामागे गेलो.

"काका, काम काही नाही," ती म्हणाली.

"अगं, बरं झालं केलास फोन! तब्येत कशी आहे? त्या वकिलाचं काय झालं? माझं ऐक, तू असं कर, आपल्या ओळखीचा एक—"

"काका, थांबता का जरा?"

थांबलो. तिकडून काही येईना. इकडे माझी माणसं हाका मारत होती, मालक, गाडी भरली, मालक, वायर कुठाय. मी एक कान बोटाने बंद केला आणि दुसऱ्यावर फोन दाबून धरला. सांगायला माझ्याकडे किती होतं! जीभ नुसती वळवळत होती. बाईंना हे रोज कसं जमत होतं, देव जाणे. कुणीतरी येऊन माझा खांदा हलवला, मी त्याला मागच्या मागे ढकललं.

मग ती हळूहळू बोलायला लागली.